शनिवारचा उपवास

आई, गेल्या शनिवारी मी ऑफिसातल्या तिघी मैत्रिणींना पहिल्यांदाच जेवायला बोलावले. अमरावतीत येऊन मला दोन वर्षे झाली. त्यांच्या घरी मी कितीदा तरी जेवले आहे. पण माझ्याकडे यायचे ठरले की कुणाला ना कुणाला काम निघत असे, किंवा त्याआधी मीच माघार घेत असे. यातले अधिक खरे कोणते, हे आज नीट सांगता येणार नाही.

मी थाई जेवण केले. नारळाच्या दुधातली हिरवी आमटी, तांदळाच्या पातळ पापडात गुंडाळलेल्या कच्च्या भाज्या, मोकळा भात. आमटीत गॅलरीतला गवती चहा वाटून घातला. आठवडाभर पुस्तक उघडे ठेवून सराव केला होता. नवे शिकण्याची हौस, असे मी त्यांना सांगितले. खरे कारण तू ताबडतोब ओळखले असतेस. ते जेवण आमच्यापैकी कुणाच्याच घरचे नव्हते, त्यामुळे "तुमच्यात असं करतात का?" हा प्रश्न निघण्याची सोयच नव्हती.

अकोल्याच्या दवाखान्यात तुला बढती मिळाली, तो दिवस मला आठवतो. पहाटे उठून तू सगळ्यांसाठी कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळल्या होत्यास. शाळा सुटल्यावर मी दवाखान्यात आले, तर डबा तसाच भरलेला. त्या मंगळवारी चार परिचारिकांना एकदम उपवास निघाले होते. त्यांतली एक बाहेर भजी खाताना मी पाहिली होती. मी बोलणार, तोच तू माझा हात दाबलास. रिक्षात म्हणालीस, "उपास वाराचा नसते बाई, घराचा असते. आपन बौद्ध हावो, हे त्यायले डबा उघडल्यावरच आठोते." मग रस्ताभर तू एकेक वडी खात राहिलीस आणि मलाही खायला लावलीस.

तेव्हापासून मी जेवणाऱ्यांच्या हातांकडे पाहते. शनिवारीही मी जेवत नाही, पाहते आहे. एक पटकन पाणी पिते. तिच्याबद्दलची माझी चिंता मिटते. दुसरी "हे हिरवं काय?" म्हणून हसते, पण खाते. तिसरी ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. खरे तर हा सारा घाट तिच्यासाठीच. ती दोन घास घेते आणि वाटी बाजूला सरकवते. माझे कान तापतात. मी अत्यंत शुद्ध मराठीत विचारते, "आज आपला उपवास आहे का?"

"शनवारचा? मले? माय वं, हे गोड लागून राहिलं! बासुंदीत भेंडी टाकल्यावानी. तुह्या घरी तिखट काई हाये का नाई?"

मी उठायच्या आत ती स्वयंपाकघरात जाते, कपाट उघडते आणि पिठाच्या डब्यामागे सारलेली जवसाच्या चटणीची बरणी घेऊन येते. कच्चे तेल घालून भातात कालवते. बाकीच्या दोघीही हात पुढे करतात. बरणी निम्मी होते.

"कोनं केली वं?" तिसरी विचारते.

ती मीच कुटली होती, तुझ्या खलबत्त्यात, तुझ्याच मापाने. 'आईची' हा शब्द ओठांवर आला होता. पण तिचा घास हातात होता, आणि ऐकून तो हात थांबला तर, एवढेच मला सुचले.

"शेजारच्या काकूंनी दिली," मी म्हणाले.

त्या काकूंकडून चटणी शिकायला ती येत्या रविवारी येणार आहे. शेजारच्या फ्लॅटला वर्षभर कुलूप आहे. तू असतीस, तर यातले एक अक्षरही मी तुला कळू दिले नसते.