दहा हजार वेळा हललेली दांडी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, गवत कापायच्या यंत्रांच्या कारखान्यातून आरेखन विभागाची प्रमुख म्हणून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं माझी वकील भाची सांगते. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. या घरात दबाव मीच आणते. यापूर्वीचं मृत्युपत्र मी रद्द करते, कारण त्यात एक गोष्ट लिहायची मी टाळली होती.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक आमच्या समोरचे घड्याळजी. दुसरे माझे धाकटे दीर. ते खालच्या मजल्यावर राहतात आणि एकोणीस वर्षं माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. भाची म्हणाली, "अगं मावशी, साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, तुझी सही होताना नुसतं बघायचं असतं. दुसरं कुणीही चालेल." मला दुसरं कुणी चालणार नाही. आणि भाऊजी वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाहीत. त्यांनी सही नाकारली, तर हा कागद रद्दीत घालावा आणि कायद्याने व्हायची ती वाटणी होऊ द्यावी.

कलम १. घराचा वरचा मजला माझ्या मुलाला. तो लांब राहतो. फोनवर माझी तब्येत विचारण्याआधी गच्चीची गळती थांबली का हे विचारतो, त्याअर्थी त्याचं घराकडे लक्ष आहे.

कलम २. मागच्या अंगणात फरशी घालायचा मुलाचा बेत आहे. घालू नये. तिथलं गवत यंत्राची दांडी पाचव्या खाचेत ठेवून, म्हणजे जमिनीपासून पासष्ट मिलिमीटरवर कापावं. मुलगा म्हणेल, कापलं म्हणजे झालं. असं म्हणणाऱ्यांचीच अंगणं उन्हाळ्यात करपतात आणि मग ते यंत्राला नावं ठेवतात.

कलम ३. ड्रॉइंग बोर्ड आणि व्हर्निअर कॅलिपर भाचीला. तिला त्यांचा काडीचा उपयोग नाही, पण ती वस्तू जागच्या जागी ठेवते, जे आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. शिवणयंत्रावर जाऊबाईंचा, म्हणजे भाऊजींच्या बायकोचा, फार दिवसांपासून डोळा आहे. साक्षीदाराच्या बायकोला मृत्युपत्रातून काही देऊ नये असं भाचीचं म्हणणं, म्हणून ते मी कालच जिवंतपणी खाली पोचतं केलं. जाऊबाई म्हणाल्या, "पट्टा जुना दिसतोय."

कलम ४. कारखान्याचे तेव्हाचे मोठे साहेब यांना चार जुने बोल्ट. कशासाठी, ते लिहिते. आमच्या आधीच्या यंत्राला चार चाकांचे चार वेगळे बोल्ट होते. गवत किती उंच ठेवायचं ते बदलायचं, तर चारही चाकं एकेक करून सरकवायची. लोक तीन सरकवायचे आणि चौथं विसरायचे, मग अंगणाला एका बाजूने टक्कल पडायचं. माझी दांडी आली आणि एका हाताने चारही चाकं एकदम वरखाली व्हायला लागली. आत चारही चाकांना बांधणारी एक जोडसळई, वजन पेलायला एक स्प्रिंग आणि दांडी अडकायला सात खाचांची पट्टी, एवढाच तो कारभार. त्याला माझी सहा वर्षं गेली. कारखान्याच्या दर्शनी दालनात ती दांडी काचेच्या पेटीत आहे. खालच्या पाटीवर माझं नाव आणि "दहा हजार खेपा तपासलेली" असं आहे. साहेब पाहुण्यांना ती पाटी मोठ्याने वाचून दाखवत. त्यांच्या स्वतःच्या बंगल्यावरच्या यंत्राची दांडी आणल्या दिवसापासून कुणी हलवलेली नाही. मी जाऊन बघितलं, गंजून एका जागी बसली आहे. तेव्हा साहेबांना बोल्टच बरे.

कलम ५. ती पाटी खोटी आहे.

यंत्राचं सगळं वजन चाकांवर ठेवून दांडी खालच्या खाचेतून वरच्या खाचेत न्यायची आणि परत आणायची, ही एक खेप. अशा दहा हजार खेपा करायचा नियम होता. भाऊजी चाचणी विभागात तपासनीस होते. खेपा ते स्वतःच्या हाताने करत आणि प्रत्येक खेपेला नोंदवहीत एक रेघ मारत. सहा हजार एकशे चाळीस खेपा झाल्यावर तिसऱ्या खाचेची कड झिजली आणि दांडी निसटून खाली आली. ते नोंदवही घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"वहिनी, पट्टी मऊ आहे. कडा कडक करून मागवा. मी परत पहिल्यापासून मोजतो."

नवी पट्टी यायला सहा आठवडे आणि नवं यंत्र जिथे पहिल्यांदा मांडायचं ते प्रदर्शन नऊ दिवसांवर. साहेब मला म्हणाले, "बाई, माणूस ही दांडी आयुष्यात चारदा हलवतो. दहा हजार कुणासाठी?" त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर मला ते गोड लागलं. मी अहवालात दहा हजार लिहिले आणि कागद भाऊजींपुढे सरकवला. ते म्हणाले, "मी हलवली तेवढीच हलली," आणि उठून गेले. अहवालावर मी एकटीने सही केली.

माणूस दांडी हलवत नाही, पण यंत्र तिला चालू असेपर्यंत हादरवत असतं. एवढी साधी गोष्ट आरेखन विभागाच्या प्रमुखबाईंना सुचली नाही. पुढच्या हंगामात दांड्या चालत्या यंत्रात आपोआप खाली येऊ लागल्या. एका शाळेचं मैदान मातीपर्यंत खरवडलं गेलं. चौकशीत साहेबांनी हात झटकले आणि चाचणी विभागाने कामचुकारपणा केला असं सांगितलं. नोंदवही मागवली, तर ती सापडेना. पट्टीच्या कडा कडक करून दांडी पुढे चालली, पाटी तशीच राहिली. भाऊजींना पॅकिंगला पाठवलं. निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं ते खोक्यांना पट्ट्या आवळत होते.

नोंदवही सापडेना, कारण ती माझ्या कपाटात होती. अजूनही आहे, शालींच्या खाली. मला लाज वाटते. हे वाक्य कायद्याच्या कामाचं नाही म्हणून भाचीने खोडलं होतं, मी परत लिहिलं आहे.

माझे यजमान होते तोवर दोन मजल्यांमधले निरोप त्यांनी वाहिले. "दादा, वरच्यांना सांग, टाकी भरून वाहतेय." ते गेल्यावर ती जागा घ्यायला जाऊबाईंनी साफ नकार दिला. तेव्हापासून भाऊजी अंगणात उभे राहून टाकीलाच ओरडून सांगतात आणि मी नळ बंद करते.

कलम ६. नोंदवही काचेच्या पेटीत दांडीशेजारी ठेवावी आणि पाटीवरचा आकडा बदलावा. भाची म्हणाली, "मेल्यावर कशाला, मावशी? आत्ताच दे की." हे मलाही सुचलं होतं, एकोणीस वर्षं रोज सुचत होतं. म्हणून या कागदाची प्रत आणि नोंदवही आजच कारखान्यात जाईल. माझ्यामागे हे सगळं पार पाडायचं काम भाचीचं.

कलम ७. भाऊजींना काहीही नाही. कलम ६ मध्ये जातं आहे ते त्यांचंच आहे, त्याला देणं म्हणत नाहीत.

दुरुस्तीची नोंद. आज भाऊजी वर आले. कागद वाचला, मग नोंदवही मागून घेतली आणि पेन्सिलीच्या टोकाने रेघा मोजायला बसले. दोन तासांत घड्याळजींनी तीनदा घड्याळ बघितलं. मोजून झाल्यावर भाऊजींनी कलम ५ च्या समासात लिहिलं: "सहा हजार एकशे अडतीस. शेवटच्या दोन खेपांना दांडी खाचेत पुरती बसली नव्हती. त्या रेघांवर फुली आहे, त्या धरू नयेत." मी "चाळीस" खोडून "अडतीस" केलं. मग ते बोलले.

"वहिनी, खाडाखोड केलीत तिथे तुमची सही राहिली."

मला ती जागा नीट दिसेना, तेव्हा त्यांनी बोट ठेवून दाखवली. तिथे सही केली.

स्थळ: वरचा मजला, जेवणाचं टेबल
दिनांक: सहा मार्च, सकाळी पावणेबारा

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला: (सही)
व्यवसाय: घड्याळदुरुस्ती

साक्षीदार दुसरा: (सही)
व्यवसाय: चाचणी तपासनीस