डाव्या पायाचा अंगठा

१४ मार्च

मास्तरीणबाई,

आधी तब्येतीचं विचारावं, मग हवापाण्याचं लिहावं, मग मुद्द्यावर यावं, हे तूच शिकवलंस. तर, कशी आहेस? इथे ऊन वाढलंय आणि माझा उजवा खांदा कामातून गेलाय. डॉक्टर म्हणतात, आता शर्यत विसरा. बारा वर्षं खुर्चीची चाकं ढकलून खांद्याचं वाटोळं झालं, पण चार सुवर्णपदकं भिंतीवर आहेत. धूळ खातात.

भाषणं मात्र जोरात चालू आहेत. परवा ‘अपंगांना सगळीकडे जाता आलं पाहिजे’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. व्यासपीठाला रॅम्पच नव्हता. चौघांनी मला खुर्चीसकट उचलून वर ठेवलं, फोटो काढले आणि मग मी बोलले. तू असतीस तर पहिल्या रांगेत तोंडात रुमाल कोंबून बसली असतीस.

मैदानावरच्या स्वच्छतागृहाचं दार अखेर रुंद झालं. किती अर्ज केले आपण! पाटीवर नाव माझं एकटीचं आहे.

आता खरं ते लिहिते. पुढच्या आठवड्यात मला वर्गीकरण समितीवर खेळाडूंची प्रतिनिधी म्हणून नेमणार होते. कुणाच्या अंगात किती ताकद उरली आहे आणि कुणी कुठल्या गटात धावायचं, हे ठरवणारी तीच समिती. ‘यांच्याइतकं निःपक्षपाती कुणी नाही,’ असं त्यांच्या पत्रात होतं. ते वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

शिबिरातली ती दुपार आठवते? खोलीत गरम पाण्याच्या बादलीत तू दोघींच्या शर्यतीच्या हातमोज्यांचं कडक प्लास्टिक हाताच्या मापाला बसवायला मऊ करत होतीस. एकदम ओरडलीस, “राणीसरकार, इकडे बघ! हलला!” डाव्या पायाचा अंगठा. पाय गेल्यापासून नऊ वर्षांनी पहिल्यांदा. आपण हसता हसता रडायलाच लागलो. “कुणाला बोलू नकोस हं. आता घरी गेले की आईला दाखवते,” म्हणालीस.

त्याच आठवड्यात निवड चाचणीत तू मला अर्ध्या चाकाने हरवलंस. आपल्या गटातून एकीलाच स्पर्धेला जायला मिळणार होतं.

समितीकडे तुझी तक्रार कुणी केली याचा तू वर्षभर शोध घेतलास. प्रशिक्षकांवर संशय घेतलास, त्यांच्याशी बोलणं सोडलंस. मी शेजारी बसून “लोक किती नीच असतात गं” म्हणत होते. ती तक्रार मी केली होती. आणि नुसतं अंगठ्याचं नाही लिहिलं. ‘पायांवर भार देऊन उभी राहते,’ असं लिहिलं. धादांत खोटं.

तुझ्या तपासणीच्या वेळी मी बाहेर होते. दार अर्धवट उघडं होतं. परीक्षक म्हणाले, “प्रयत्न करा.” दुसरी कुणी असती तर पाय निपचित ठेवून आली असती. तू जीव तोडून प्रयत्न केलास. घामाघूम होऊन बाहेर आलीस आणि मलाच म्हणालीस, “पोटरीसुद्धा हलली गं!”

त्यांनी तुला पायांत जोर असलेल्यांच्या गटात टाकलं. तिथे दोन शर्यतींत शेवटची आलीस आणि खुर्ची गुंडाळून घरी गेलीस. माझं चौथं पदक त्याच वर्षीचं आहे.

काल मी समितीला हे सगळं सहीनिशी लिहून दिलं. पद नको म्हणून कळवलं. फेरतपासणी होऊ शकते म्हणतात, पण अर्जावर सही तुझी हवी. कोरा अर्ज सोबत ठेवलाय.

पत्ता तोच आहे ना, हे विचारायला सकाळी काकूंना फोन केला. मला वाटलं होतं, इतके दिवस फिरकले नाही म्हणून आवाज ओळखून ठेवून देतील. त्या कुठल्या ठेवतायत! जेवलीस का, विचारलं. मग म्हणाल्या, “पत्ता तोच गं. पण तिचा अंगठा थांबला बघ. वर्ष झालं. रोज उठून बघते बिचारी, काही हलत नाही.”

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? बरं झालं, आता ती आपल्या गटात बसेल.

फोन ठेवला तेव्हा मला माझीच किळस आली.

माफी मागायची म्हणून लिहायला बसले होते. आता कुठल्या तोंडाने मागू? अर्जावर सही तेवढी कर. माझ्यासाठी नको, धावण्यासाठी कर.

अंगठा हलताना तू जिला आईच्याही आधी दाखवलास,
ती