तुझ्या कुंपणाला हेझलनट का लागले नाहीत

प्रिय हेस्टर आत्या,

तुला आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला नमस्कार. पत्र तीन आठवडे लांबणीवर टाकलं, हे आधीच कबूल करतो. (पहिल्या आठवड्यात पेन सापडेना. दुसऱ्यात सापडलं, पण शेजारगावच्या जत्रेत मेंढ्यांची शर्यत लागली होती.) व्हिटबीचा समुद्र मानवतोय ना? इकडे घर ठीक आहे, मांजर जाडी झाली आहे, आणि तुझ्या रिकामटेकड्या भाच्याने मोठा पराक्रम केला आहे.

झालं असं की तू सांगितलेलं मागचं कुंपण छाटायला कात्री घेऊन गेलो, तर पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा! पानाच्या पोटात शिरून खात खात पुढे सरकणाऱ्या अळीच्या या वाटा. तिचा पुढे तिळाएवढा पतंग होतो. याच्या दोन जाती, पण हेझलच्या झाडावरचा कोण आणि एल्मच्या झाडावरचा कोण, हे त्यांच्या आईलाही सांगता येणार नाही; अळीने कुठलं झाड खाल्लं, त्यावरूनच ओळखायचं. हेझलवरचा पैशाला पासरी. एल्मवरचा मात्र आपल्या परगण्यात चाळीस वर्षं दिसलेला नाही, कारण मोठे एल्म सगळे रोगाने गेले.

मी डहाळी घेऊन थेट पबमध्ये पॉम्फ्रेटसाहेबांकडे. परगण्यातल्या पतंगांची यादी तेच ठेवतात. (त्यांनी लिहिल्याशिवाय पतंग उडाला असं इथे कुणी धरत नाही.) त्यांनी मान वर न करताच निकाल दिला, "हेस्टरचं कुंपण ना? हेझल. बावीस वर्षांपूर्वी मीच रोपं दिली तिला. झाडाखाली झोपा काढायच्या सोडून वर बघितलं असतंस, तर कळलं असतं!" सगळा पब हसला. माझे कान तापले. पण वेल्समध्ये एका खुर्च्या करणाऱ्याकडे दोन महिने काढलेत मी, आणि खुर्चीची बैठक एल्मचीच, त्यामुळे तो दुसरं काही नाही तरी एल्म ओळखायला शिकवतो. पान त्यांच्या बिअरच्या ग्लासाला टेकवून म्हटलं, "साहेब, देठाशी बघा. एक बाजू वर, एक खाली. हेझलचं पान असं लंगडं असतं? आणि बावीस वर्षांत आत्याला एक तरी हेझलनट मिळालाय?"

साहेबांनी भिंग काढलं, पुसलं, परत पुसलं, आणि अर्धी बिअर तशीच टाकून निघून गेले. आत्या, तेव्हापासून माझी मान खाली यायला तयार नाही.

तुझा,
विल्फ

ता.क. मी कुंपण छाटत नाही म्हणून तू बोलावलेला ट्रॅक्टरवाला गुरुवारी येतोय. त्याला फोन करून थांबव, माझं तो ऐकत नाही. सगळ्या अळ्या त्यातच आहेत, आणि माझं नाव अजून यादीत लागायचंय. (माझा आळसच कामी आला, हेही ध्यानात घे.)

आणखी एक ता.क. दार वाजलं. पॉम्फ्रेटसाहेब! यादी आणलीय; 'एल्म' लिहिलंय, पुढे माझं नाव. आत मात्र येत नाहीत. टोपी हातात, काखेत पिशवीभर हेझलनट, आणि तिसऱ्यांदा विचारतायत, हेस्टर परत कधी येणार?