मोरीतले काटकुळे

ता. ३ ऑगस्ट, शनिवार

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

सगळ्यांत आधी आली ती तुझी काकू. चपला काढायच्या आधीच तिचं नाक मुरडून झालं होतं. मागोमाग तुझा काका, आणि त्याच्या मागे एक गृहस्थ, हातात मोजायची टेप. दोन वर्षांनी पोरगा दारात आला, मला काही सुचेना. चहात साखर घातली की नाही आठवेना म्हणून पुन्हा घातली. काकूने कप तसाच ठेवला. तिला साखर चालत नाही म्हणे. जिभेवर तरी थोडी चालली असती.

मी म्हटलं, बसाल नंतर, आधी भिंतीवर बघा. तू मोठा करून पाठवलेला तो काटकुळ्याचा फोटो मी मधोमध लावलाय, तुझ्या आजोबांना जरा बाजूला सरकवून. ते काही बोलले नाहीत, सवयीप्रमाणे. काका म्हणाला, आई, हे काय भूत लावलंस. मी म्हटलं, भूत कसलं, आपल्या मोरीतला आहे. पुस्तकी नाव काही माझ्या जिभेवर बसत नाही, पण बाकी सगळं सांगितलं. जीव मिरीच्या दाण्याएवढा, पाय केसासारखे आठ. कोळ्याचा लांबचा भाऊबंद, पण जाळं नाही, विष नाही. पाठीवर इवलासा बुरूज आणि बुरजाला दोन्हीकडून डोळे. तुझं ते जाड भिंग नसतं तर या जन्मी मला ते दिसले नसते. तू मोरीत आडवी पडून फोटो काढायचीस आणि मी दिव्यापुढे पांढरा कागद धरून श्वास कोंडून उभी, हेही सांगितलं.

मग सगळ्यांना मोरीत नेलं आणि मुद्दाम भिंतीवर फुंकर मारली. अख्खी टोळी एकदम उठाबशा काढायला लागली! काकू अशी किंचाळली की शेजारीण झाडू घेऊन धावत आली. टेपवाले आपले भिंती मोजत राहिले, फोटोला चौकट करायची असेल. काका मात्र मोबाईलवर फोटो काढत होता, एकामागून एक. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! रक्त कुठे जाणार? तुझ्याकडे असे फोटो आणखी आहेत का, असंही त्याने विचारलं. मी म्हटलं, ढीगभर. जाताना म्हणाला, पुन्हा येतो, एका मित्राला घेऊन.

फोन करू नकोस. तू ओरडतेस, मी ओरडते आणि उत्तर शेजारीण देते. पत्रच लिही. माया आहे तेवढी ठेव, वाढली तर माझी हरकत नाही.

तुझी आजी

ता. १० ऑगस्ट

ती. आजीस, सा. न. वि. वि.

काकाने त्याच दिवशी मला फोन केला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाचं कौतुक केलं. म्हणाला, मोठ्यात मोठे फोटो पाठव, अंगावरचं सगळं दिसेल असे. मी हुरळून गेले, आजी. ज्यांच्या पायांना ते बारीक तांबडे किडे चिकटलेत ते आधी पाठवले, कारण ते माझे सगळ्यांत चांगले. मापाला शेजारी काडेपेटीची काडीसुद्धा ठेवलेली नाही. बघणाऱ्याला वाटतं, मांजराएवढं जनावर आहे आणि त्याला फोड आलेत.

काल काकाने तेच फोटो सगळ्या नातेवाइकांना धाडले. खाली लिहिलं, आई यांच्यात झोपते. मी भांडले तर काकू म्हणाली, फोटो तर तुझेच आहेत ना.

आजी, तो टेपवाला घर विकत घ्यायला आला होता. आणि काकाचा मित्र डॉक्टर असणार. त्याच्यापुढे काटकुळ्यांचं नावही काढू नकोस. मी सगळे फोटो पुसून टाकतेय, कॅमेऱ्याला हात लावावासा वाटत नाही. रजा मिळाली आहे. शनिवारी, २४ तारखेला पोचते. तोवर कशालाही हो म्हणू नकोस. रागावलीस तरी चालेल, पण मला तुझी म्हण.

तुझी भिंगरी

ता. १६ ऑगस्ट, शुक्रवार

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

तुझं पत्र आज आलं. डॉक्टर काल येऊन गेले. गोड मुलगा. तुझे फोटो ताटाएवढे छापून मांडीवर घेऊन बसला होता. विचारलं, आजी, तुम्ही यांच्याशी बोलता का? मी म्हटलं, मग काय भिंतीशी बोलू? ते त्याने लिहून घेतलं. म्हणाला, अंथरुणात येतील अशी भीती नाही वाटत? मी म्हटलं, जन्मभर घोरणाऱ्या माणसाशेजारी झोपले, हे बिचारे निदान आवाज तरी करत नाहीत. तो हसला. काका हसला नाही.

आमचं बोलणं चालू असताना काकूने मोरीत फवारा मारला. वास आला म्हणून गेले. भिंत कोरी. खाली पाय पडलेले, आणि ते हलत होते, बाई. तू सांगितलं होतंस, तुटलेला पाय हलत राहतो, तो शत्रूला फसवायला. इथे फसायला कोण होतं? मीच झाडून काढले.

काकाला म्हटलं, आता गेले ना ते, मग मी इथेच राहते. तर म्हणाला, प्रश्न त्यांचा नव्हताच. मग सरळ सांगितलं. स्वतःहून वृद्धाश्रमात जा, नाहीतर आईचं डोकं ठिकाणावर नाही असा डॉक्टरचा कागद करावा लागेल. वेडी म्हणून काढली जाण्यापेक्षा शहाणी म्हणून निघालेलं बरं. मी हो म्हटलं.

आणि टेपवाल्याचं म्हणशील तर ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, भिंगरे. फोटोची चौकट करायला कोणी मोरी मोजत नाही. पण पोरगा दोन वर्षांनी आला होता. संध्याकाळपर्यंत तरी मला कळून घ्यायचं नव्हतं.

फोटो पुसू नकोस. धपाटा त्यासाठीच आहे. तुझे फोटो नसते तर त्याला माझे गुडघे सापडले असते, नाहीतर उघडा राहिलेला गॅस. शोधणाऱ्याला काहीही पुरतं. तू तुझं काम कर, आणि पुढच्या वेळी शेजारी काडी ठेव.

भिंतीवरचा फोटो काकूने उतरवून नेला. त्याच्यापेक्षा मोठा करून दे मला. तिथे खोलीत दोघी आहोत म्हणे, दुसरी घाबरली तर तिला मी समजावेन. माझी वेडीवाकडी अक्षरं गोड मानून घे.

तुझीच आजी

ता. क. तू शनिवारी येते म्हणतेस. काका-काकू गाडी घेऊन गुरुवारीच येतो म्हणालेत.