एकदाच विचारलेली खुर्ची

आई,

तुझ्यावर चिडून लिहायला बसले आहे. काल जे झालं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

तू गेलीस तेव्हा मी इथे जर्मनीत, बॉनच्या महापालिकेत साधी कारकून होते. पुढे समाजकल्याण खात्याची प्रमुख झाले. हाताखालच्या लोकांना माझं एकच सांगणं असायचं, हो की नाही ते बोला, मधलं काही नको. निवृत्त झाल्यावर इथल्या श्टिफ्टुंगने, म्हणजे गावातल्याच लोकांनी चालवलेल्या धर्मादाय संस्थेने, मला संचालक मंडळावर घेतलं. काल माझी पहिली बैठक होती आणि जुने अध्यक्ष तब्येतीमुळे पद सोडणार होते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आठवड्याला कोणीतरी जाऊन बसावं, ही माझी जुनी योजना. खात्यात नियमांनी ती कधी होऊ दिली नाही. इथे अध्यक्ष म्हणेल ते काम आधी हाती घेतात, म्हणून ती खुर्ची मला हवी होती.

जुन्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुम्ही घ्याल हे पद?" आणि माझ्या तोंडून निघालं, "छे, मी तर आजच आले. माझ्याहून अनुभवी मंडळी आहेत इथे." ते म्हणाले, वाईट वाटलं, पण ठीक आहे. लगेच शेजारच्या आर्किटेक्टकडे वळले. तो हो म्हणाला. हात वर झाले, कॉफी आली, आणि मी अजून वाट बघतेय, कोणीतरी म्हणेल की असं कसं, तुम्हीच हव्यात. कोणी म्हणालं नाही. नव्या अध्यक्षाला बागेतलं जुनं कारंजं दुरुस्त करायचं आहे.

आठवतं? मी लहान आहे, साताऱ्यात आपण शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकवाला गेलो आहोत. काकू करंज्यांचं ताट पुढे करतात, मी पटकन एक उचलते. तू तिथे नुसती हसतेस. रस्त्यावर आल्यावर मात्र दंड धरून म्हणतेस, "पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. त्या पुन्हा विचारतातच." विचारायच्याही. इथे नोकरीतलं प्रत्येक पद मी अर्ज करून मिळवलं. असं समोर बसवून कोणी कधी काही देऊ केलं नव्हतं. म्हणून तुझी शिकवण इतकी वर्षं माझ्यात मुक्काम ठोकून आहे, हे मला कळलंच नाही.

घरी येऊन मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती नेहमीसारखी जर्मनमध्येच बोलली. "हे बघ ममा, त्यांनी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला. यात त्यांचं काय चुकलं?" अगदी माझ्याच आवाजात, माझ्याच कडकपणाने.

आज सकाळी मी त्या आर्किटेक्टला फोन केला. म्हटलं, मी नाही म्हणाले, पण मला ते पद हवं होतं. त्याने विचारलं, मग नाही का म्हणालात? मी समजावलं की आमच्याकडे पुन्हा विचारतात. त्याने मनापासून विचार केला आणि म्हणाला, "पण खरंच नको असेल, तर तुम्ही काय म्हणता?"

एवढं मोठं खातं चालवलेली बाई मी, सरळ विषय बदलून म्हाताऱ्यांच्या भेटींची योजना सांगायला लागले. पद आता ठरलं आहे, तो म्हणाला. तुमची योजना कारंजं झालं की बघू. मी म्हटलं, कारंज्याच्या आधी बघायची. बरं म्हणाला, पुढच्या बैठकीत मांडा.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून लिहून टाकते. योजना मार्गी लागली तरीही, आई, ती खुर्ची मला हवीच आहे.