पुढचं मडगार्ड

५ मे २०२५, सोमवार

मडगार्डवरून आज डोकं फिरलं. अंतराची सायकल सगळी ठरली — फ्रेम, चाकं, सीट, निळा रंग — आणि एवढ्याशा मडगार्डपाशी घोडं अडलं. तिला आखूड प्लास्टिकची हवीत, क्लिपने अडकवायची. म्हणे हलकी असतात. हलकी असतात! पावसाळ्यात कोपर स्टेशनकडच्या रस्त्यांचा चिखल पाठीवर उडतो, तो कोण धुणार? मुलगी लॅबमध्ये आहे. सकाळी सहापासून घरोघर रक्ताचे नमुने घेत फिरते, अंगावर पांढरा कोट. तिला पूर्ण लांबीचीच लागणार, पत्र्याची. मी स्वतः घडवणार. तसं ठणकावून सांगितलं. हसली आणि बरं म्हणाली.

उंची चार फूट नऊ. बाजारातली एकही सायकल तिला धड होत नाही, म्हणून तर मापाची करून घ्यायला माझ्याकडे आली. तिसऱ्या मजल्यावर राहते, फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून पाहतोय.

८ मे, गुरुवार

फ्रेम लहान केली की पुढचं चाक पायाजवळ येतं. हँडल वळवताना ते पायाला लागू शकतं. वर मडगार्ड आलं की जागा आणखी कमी. हे मला कोणी शिकवायला नको, बत्तीस वर्षं फिटर होतो. अंतराला बोलावलं, सीटवर बसवलं, पाय पेडलवर, हँडल पूर्ण वळवलं. अंगठा आणि मडगार्ड यांच्यात दीड बोट जागा उरली. पुष्कळ झाली.

आमची ही, सुहासिनी, मधेच म्हणाली, तिला आखूड हवीत तर आखूड लावा ना. म्हटलं, तू तुझा देव्हारा सांभाळ. तेव्हापासून घुश्शात आहे. असू दे.

१८ मे, रविवार

सायकल दिली. मडगार्ड काय बसलंय! एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. सोसायटीतले चार जण खाली बघायला आलेले. अंतराने दोन फेऱ्या मारल्या.

२२ मे, गुरुवार

अंतरा जिन्यात भेटली. कशी चालते विचारलं. मस्त, काका, म्हणाली. मनात म्हटलं, चालणारच!

२ जून, सोमवार

अंतराला अपघात झाला. सकाळी पुलाखालच्या वळणावर पडली आणि दुधाच्या टेंपोचं मागचं चाक उजव्या हातावरून गेलं. लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढून बेदम मारलं. बरं केलं. सुहासिनी सकाळपासून देवापुढे बसून आहे.

४ जून, बुधवार

हात काढला. मनगटाच्या वरून.

त्या हाताने माझं रक्त घेतलेलं तिने. सुई टोचलेली कळली नव्हती.

९ जून, सोमवार

अंतराचे बाबा म्हणाले, ही सायकल डोळ्यांसमोर नको, घेऊन जा. वर आणली. पुढच्या मडगार्डचं खालचं टोक मुडपलंय आणि त्यावर काळ्या रबराचे ओरखडे. टेंपोचे म्हणावेत तर इतके खाली कसे?

कॅरिअरला पिशवी होती. आत तिचे त्या दिवशी पायात असलेले बूट, हॉस्पिटलात काढून ठेवलेले. लॅबचा नियमच आहे, बंद बूट घालायचे. जाड, पुढून गोल. उजवा बूट पेडलवर ठेवला, हँडल डावीकडे वळवलं. अडकला. पुन्हा केलं. पुन्हा अडकला.

मी माप अनवाणी घेतलं! माझं काम बाहेरच्या खोलीत, त्याच खोलीत हिचा देव्हारा. त्यामुळे चपला-बूट उंबऱ्याबाहेर. कोणाला सांगावं लागत नाही, सगळेच काढून येतात. अंतरानेही काढले. मी बघत होतो काढताना! बत्तीस वर्षांचा फिटर आणि एवढं डोक्यात आलं नाही की पोरगी सायकल काय अनवाणी चालवणार आहे? गाढव. शुद्ध गाढव.

१० जून, मंगळवार

कोणाला सांगितलं नाही. जेवलो नाही. सुहासिनीने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

१३ जून, शुक्रवार

टेंपोवाला आज बिल्डिंगखाली आला. साईनाथ नाव. तिशीचा असेल. जबड्याला पट्टी, धड बोलता येत नाही. जामिनावर सुटलाय, लायसन्स जमा, मालकाने कामावरून काढलंय. दुकानादुकानात विचारत फिरतोय, त्या दिवशी कोणी पाहिलं का? म्हणतो, मी धक्का मारला नाही, पोरगी आपोआप पडली. ऐकतंय कोण! वाण्याने हाकललं.

मग माझ्यासमोर उभा राहिला. "काका, तुम्हाला काही माहिती आहे का?"

मी म्हटलं, नाही.

वर निघून आलो. मला माझीच किळस आली.

१६ जून, सोमवार

सुहासिनीला सगळं सांगितलं. वाटलं, बोल लावेल. तिने फक्त शर्ट काढून दिला आणि म्हणाली, चौकीत जाऊन या.

गेलो. सायकल आणि बूट घेऊन गेलो. बूट कसा अडकतो ते साहेबांना टेबलाशेजारी करून दाखवलं. त्यांनी दोनदा विचारलं, म्हणजे टेंपोने धक्का दिलाच नाही? म्हटलं, मी तिथे नव्हतो, पण पडायला एवढं पुरेसं आहे आणि हे काम माझं. जबाब लिहून घेतला. साईनाथचं आता काय होईल ते साहेबांनी सांगितलं नाही.

परत येताना तिसऱ्या मजल्यावर गेलो. अंतराच्या बाबांना दारातच सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं मन हलकं झालं, प्रभाकरराव. आता मी कोणावर चिडू?" दार लावून घेतलं.

१७ जून, मंगळवार

सगळी हत्यारं पेटीत भरली. केदार या दुसऱ्या गिऱ्हाइकाची सायकल अर्धी झालीय, त्याला दुसरीकडे ने म्हणून सांगितलं.

२२ जून, रविवार

अंतराने बोलावलं. हात पांघरुणाखाली होता. मी माफी मागायला लागलो तर म्हणाली, "काका, बूट पहिल्याच दिवशी अडकलेला. दोनदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेले. तुमची चूक काढलेली तुम्हाला चालत नाही ना."