सोडून दिलेलं नाव

४ नोव्हेंबर
आलो एकदाचा इस्राएलला, त्सफातला! खोली झकास आहे. निळ्या भिंती, दार थेट गल्लीत. शेजारच्या खोलीत रेब शमर्या तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, हाताने लिहितात, मी त्यांचा नवा शिकाऊ. नाव विचारलं. डॅरिल म्हटल्यावर म्हणाले, हे नाव आहे की डोकेदुखीची गोळी? हिब्रू नाव काय? म्हटलं, घरी कुणी ठेवलंच नाही. बरं मग, ए पोरा, म्हणाले, शाई घोट.

६ नोव्हेंबर
देवाचं नाव लिहायच्या आधी रेब शुद्धीच्या कुंडात बुडी मारून येतात. मग मोठ्याने सांगतात की आता मी ते नाव लिहितोय, आणि मगच बोरू टेकवतात. म्हणतात, माणसाचा जीव त्याच्या नावाच्या अक्षरांतून येतो, नळातून पाणी यावं तसा. देवाचं नाव असलेला कागद फाटला तरी टाकत नाहीत, माणसासारखा पुरतात. मला हे सगळं प्रचंड आवडतं! फक्त सांगायला कोणी नाही. पाववाल्या लूनामावशी तेवढ्या बोलतात. त्या मला लांब्या म्हणतात.

८ नोव्हेंबर
रेबच्या भावाला न्यूमोनिया झालाय, डॉक्टरांनी हात टेकले. म्हणून आज प्रार्थनाघरात त्याचं यकुतिएल हे नाव बदललं. दहा जण उभे राहिले, तोरा उघडली आणि जाहीर केलं: आजपासून हा राफाएल. यकुतिएलवर मरणाचा जो काही हुकूम सुटला असेल, त्याचा याच्याशी संबंध नाही. यकुतिएल! काय नाव आहे. शेवटी ‘एल’, म्हणजे खुद्द देवाचं नाव. आणि ते तसंच सोडून सगळे घरी जेवायला गेले.

११ नोव्हेंबर
राहवलं नाही. कागदालासुद्धा पुरतात, मग हे नाव उघड्यावर का पडावं? कुंडात बुडी मारली आणि मोठ्याने म्हटलं, मी यकुतिएल. रेबना सरप्राइज देणार आहे.
परत येताना गल्लीत कोणीतरी हाक मारली. यकुतिएल! मी खूश होऊन ओ दिली. मागे कोणी नव्हतं.

१३ नोव्हेंबर
राफाएल उठून बसला, सूप मागितलं म्हणे. सगळे आनंदात.
मला खोकला झालाय. आज परत हाक आली, गल्लीतल्या समोरच्या कुंपणापलीकडून. ओ दिली. रात्रभर छातीत घरघर.

१५ नोव्हेंबर
लूनामावशींना नवं नाव सांगितलं. पुडी बांधता बांधता हात थांबला त्यांचा. मेल्या, म्हणाल्या, हे कोणी दिलं तुला? म्हटलं, मीच घेतलं. त्या तशाच पिठाच्या हातांनी दुकान उघडं टाकून रेबकडे धावल्या.
रेब आले. ओरडले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, बाबा रे, ते नाव आम्ही मृत्यूच्या दूतासाठी मागे ठेवलं होतं. त्याला रिकामंच न्यायला लावायचं होतं. तू आत जाऊन बसलास.
मी सोडतो म्हटलं. तर म्हणाले, घ्यायला तुझं तोंड पुरलं, सोडायला दहा जण आणि उघडी तोरा लागते. शनिवारी सकाळी करू. तोवर हाकेला ओ द्यायची नाही. कोणाच्याही.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार
ताप. उठवत नाही. रेब जवळ बसले होते. शब्बाथची, आज संध्याकाळी लागणाऱ्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाची, प्रार्थना चुकवणार होते, मीच जा म्हटलं— त्यांना उद्यासाठी दहा जण जमवायचेत.
भोंगा झाला. शब्बाथ लागला. आता लिहायला मनाई आहे. पण हात थांबला तर तोंड उघडेल—
गल्ली रिकामी. सगळे प्रार्थनेला.
हाक. दाराशीच.
ओरडत नाहीये. हळू बोलतोय. यकुतिएल, जेवलास का—
मला इथे कोणी हे विचारलं नाही. कुठेच—
उद्या सकाळपर्यंत. फक्त सकाळपर्यंत—
बाहेर थंडी आहे म्हणतोय. तुझ्यासाठीच आलोय म्हणतोय. बाकी कोणासाठी नाही—
किती प्रेमाने म्हणतो नाव. पूर्ण. एकेक अक्षर—
नुसतं दारापर्यंत जातो. बोलणार नाही. नुसतं